रडक्या गाडीतून सीमाभागाची फेरी

गाडी जुनी आहे. आठशे सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग), बारा इंची टायर. पासिंग केए-२२. पंधरा वर्षं उलटल्यावर आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली. कंपनीचं नाव सांगायची गरज नाही, आपल्याकडे गल्लीगल्लीत एक असतेच. फेरी ठरली ती अशी: बेळगावहून निपाणी आणि चिकोडी, मग रायबाग, कुडची, अथणी, तिथून गोकाक, आणि शेवटी खानापूर-जांबोटीवरून चोर्ला घाट. दिवस मिरगाच्या तोंडावरचे. अथणीकडे अजून रणरणतं ऊन आणि कणकुंबीला पावसाने ठाण मांडलेलं, असे.

असल्या गाडीला लोक लहरी म्हणतात. थोडं लक्ष दिलं तर लहर फारशी दिसत नाही. ती ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या जागी बंद पडते. थंड असताना सुरू न होणं, तापल्यावर सुरू न होणं आणि पाण्यातून गेल्यावर अडखळणं ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं. मेस्त्रीच्या दारात नेली की तीच गाडी शहाण्यासारखी चालते, कारण तिथे ना घाट असतो ना पाऊस. या जिल्ह्यात मात्र दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात ऊन, धूळ, पाऊस आणि उतार सगळं मिळतं. त्यामुळे कुठलं दुखणं कधी वर येतं ते नीट पाहता येतं.

आदली संध्याकाळ

बोनेट थंड असताना उघडायचं. आधी रेडिएटरचं झाकण. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, म्हणजे इथे उघड्या भांड्यातलं पाणी १०० ऐवजी ९७-९८ अंशांनाच उकळतं. झाकणातली स्प्रिंग ०.९ किलोचा दाब धरते म्हणून रेडिएटरमधलं पाणी ११७ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा फायदा गेला आणि गाडी "उगीच" उकळायला लागली. बाकी सगळं बदलून झाल्यावर लोक झाकणाकडे वळतात. ते पहिल्यांदा बदलायला हवं, कारण ते सगळ्यांत स्वस्त आहे.

मग पट्टा. या इंजिनात एकच पट्टा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे. आतल्या बाजूला तडे दिसले तर बदलायचा, आणि जुना फेकायचा नाही, डिकीत ठेवायचा. टायमिंगचा पट्टा वेगळा. तो झाकणाआड असतो आणि दिसत नाही म्हणून विसरला जातो. शेवटचा कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं.

टायरवर गोलात चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांपुढचं रबर अथणीच्या उन्हात न्यायचं नाही. स्टेपनीही याच हिशेबात. तिची नक्षी कायम नवीकोरी दिसते आणि ती कायम सगळ्यांत जुनी असते.

डिकीत ८-१०, १२-१३, १४-१७ चे पाने, प्लगपाना, पक्कड, दोन्ही स्क्रू ड्रायव्हर. क्लचची आणि ॲक्सिलरेटरची एकेक वायर. तीन प्लग, पेट्रोलचा पारदर्शक फिल्टर दोन, पेट्रोलची रबरी नळी हातभर आणि चार क्लिपा. १०, १५ आणि २० अँपिअरचे फ्यूज. पॉइंटवालं (ठिणगीची वेळ साधणारा यांत्रिक स्विच असलेलं) मॉडेल असेल तर पॉइंट आणि कंडेन्सर. पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप, एम-सील, बांधायची तार, हातभर जाड वायर, मल्टीमीटर. पाच लिटर पाण्याचा कॅन आणि एक लिटर कूलंट. इंजिन ऑइलचा एक लिटरचा डबा. मल्टीमीटर अनेकांना चैन वाटते. प्रत्यक्षात रस्त्यावर अंदाजाने बदललेल्या एका बॅटरीच्या पैशात असे कित्येक मीटर येतात.

पहिला दिवस: बेळगाव, निपाणी, चिकोडी

पहाटे निघून काकती मागे टाकलं. वंटमुरी घाट या दिशेने बहुतेक उताराचाच, तेव्हा इंजिनाची परीक्षा होत नाही. यमकनमर्डी, हत्तरगी, संकेश्वर, कणगलापर्यंत काटा मधोमध. हायवेवर ताशी ६०-६५ च्या पुढे जायचं नाही एवढाच नियम. आठशे सीसीला ९० जमत नाही असं नाही, पण तिथे आवाज, तापमान आणि पेट्रोल तिन्ही एकदम वाढतात. शेजारून जाणारे ट्रक हॉर्न मारतात, मारू देत.

तवंदी घाट उतरून निपाणीत शिरलं आणि बाजारातल्या गर्दीत दहा मिनिटं मुंगीच्या पावलाने सरकल्यावर काटा वर चढायला लागला. इथे थोडा विचार केला की अर्धं निदान होतं. गाडी हायवेवर थंड आणि गर्दीत तापते म्हणजे रेडिएटरला वारा मिळत नाही: पंखा, त्याचा स्विच, फ्यूज किंवा रिले. उलट, गर्दीत ठीक पण चढाला किंवा वेगात तापते म्हणजे पाणी फिरत नाही: बुजलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप), पंपाची झिजलेली पाती, ढिला पट्टा. दोन्हीकडे तापते आणि पाणीही कमी होतं, पण गळती दिसत नाही, तर हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यायचा. गाडी थंड असताना झाकण उघडून सुरू करा आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का पाहा. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढुरका लगदा असेल तर संशय पक्का.

पंख्याची तपासणी पाच मिनिटांची. इग्निशन चालू ठेवून पंख्याच्या स्विचचं सॉकेट काढायचं आणि त्यातली दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडायची. एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवायची. पंखा फिरला तर मोटर चांगली, स्विच गेलेला. फिरला नाही तर फ्यूज बघा, मग रिले, मग मोटरला बॅटरीतून थेट वायर देऊन बघा. इथे स्विच गेलेला होता. वायरने जोडून पंखा कायमचा चालू ठेवला आणि पुढचा प्रवास झाला. असं केलं तर गाडी बंद केल्यावर वायर काढायची आठवण ठेवावी लागते. काही गाड्यांत पंखा इग्निशनवर नसतो आणि सकाळी बॅटरी झोपलेली सापडते.

काटा लालच्या जवळ गेला तर करायचं एवढंच: हीटर असेल तर पूर्ण चालू, एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद, बोनेट उघडं. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या पुढे असतं, झाकण उघडताच त्याची क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. गरम इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड वाकतं किंवा तडकतं, आणि मग खर्च झाकणाचा राहत नाही, हेडचा होतो. आमच्याकडचे मेस्त्री एका वाक्यात सांगतात: "गाडी चालतीया खरं तापतीया म्हणून आणू नका, तापायच्या आदी आणा."

चहासाठी पंधरा मिनिटं थांबून पुन्हा चावी फिरवली तर सेल्फ झकास फिरतो, इंजिन मात्र धरत नाही. कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं हे उन्हाळी दुखणं. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या हेडवर बसवलेला, कॅमशाफ्टच्या धक्क्याने चालणारा. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं बोनेटखालची उष्णता वाढतच जाते. नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही. किंवा कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली सांडतं आणि इंजिन पेट्रोलने बुडतं. दोन्हींत गाडी सुरू होत नाही, उपाय मात्र उलटे.

पारदर्शक फिल्टर इथे कामाला येतो. फिल्टर रिकामा किंवा बुडबुड्यांनी भरलेला आणि पेट्रोलचा वास नाही, तर वाफ अडकली आहे. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं बोनेट उघडं, मग सेल्फ. फडकं एक्झॉस्टच्या गरम बिडावर टेकू द्यायचं नाही. फिल्टर भरलेला आणि पेट्रोलचा भपकारा येतो, तर इंजिन बुडलं आहे. चोक आत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरायचा, पंप करायचा नाही, आणि चार-पाच सेकंद सेल्फ. सेल्फ सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. ज्यांना दम निघत नाही ते मिनिटभर रेटून सेल्फ जाळतात आणि दोष पेट्रोल पंपावाल्याला देतात.

कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांबून फिरवणं आणि तिच्यावर उष्णता अडवणारी जाळीची पट्टी गुंडाळणं. पुढच्या थांब्यांना गाडी बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर ठेवली आणि बंद केल्याबरोबर बोनेट उघडलं. चिकोडीपर्यंत कुरकुर झाली नाही.

दुसरा दिवस: चिकोडी, रायबाग, कुडची, अथणी, गोकाक

सकाळी चावी फिरवली आणि "कट्". एकच. दिवे मंद झाले. असं झालं की दहातले आठ जण बॅटरी मेली म्हणतात आणि समोरचं दुकान उघडायची वाट बघत बसतात. मीटर लावला तर १२.५ व्होल्ट. रात्रभर थांबलेली बॅटरी १२.६ असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उपाशी. साडेबारा असताना सेल्फ फिरत नाही, तर वीज वाटेत कुठेतरी अडते आहे.

मीटरची काळी पिन बॅटरीच्या उणे खांबावर, लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. काटा ०.२ व्होल्टच्या आत राहायला हवा. इथे दीडच्या वर गेला. म्हणजे बॉडीवरून इंजिनाकडे जाणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला परतीची वाट या एका पट्टीचीच. पट्टी नीट नसली की वीज क्लचच्या आणि ॲक्सिलरेटरच्या वायरमधून वाट काढते. या वायरी आपोआप तापून घट्ट होत असतील तर मूळ इथे असतं. बोल्ट १२ च्या पान्याने काढला, पट्टीचं टोक आणि खालची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, परत घट्ट केली, वर व्हॅसलीनचा हात. बॅटरीच्या खांबांवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुऊन टाकली. सेल्फ पहिल्या फटक्यात फिरला.

गाडी सुरू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. हेडलाइट आणि पंखा चालू करूनही १३.५ च्या खाली जायला नको. कमी दिसत असेल तर आधी पट्टा, मग अल्टरनेटरचे कार्बन. पंधराच्या पुढे गेला तर रेग्युलेटर गेलेला, आणि मग बॅटरीचं पाणी आटतं, बल्ब उडतात. चार्जिंगचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर लगेच तापमानाचा काटा बघायचा. दिवा आणि काटा दोन्ही वर म्हणजे पट्टा तुटला, पाण्याचा पंपही थांबला, एक किलोमीटरही पुढे नाही. काटा जागेवर असेल तर दिवसा बॅटरीवर तास-दीड तास जाता येतं, पंखा जेवढा कमी लागेल तेवढं बरं.

रायबागहून चिंचलीच्या मायाक्कादेवीवरून कुडची, तिथे कृष्णा ओलांडून उगार, पुढे अथणी. काळ्या मातीचा मुलूख, दोन्ही बाजूंना ऊस. गाळपाच्या दिवसांत इथे उसाच्या ट्रॅक्टरमागे तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकावं लागतं, तेव्हा पंख्याचं काम निपाणीत उरकलेलं बरं. या दिवसांत त्रास धुळीचा. एअर फिल्टर काढून उन्हाकडे धरायचा. उजेड आरपार दिसला नाही तर आतून बाहेर हवा मारायची, बाहेरून आत मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. फिल्टर काढून "तेवढंच मोकळं" चालवायचं नाही. ही माती सिलिंडरला पॉलिश पेपरसारखीच लागते.

अथणी चपलांची. बाजारात गाडी लावली तर सावलीत लावा, पेट्रोलच्या वाफेचा धडा इथेही लागू आहे. गॅरेजं चांगली, भाषा कन्नड. "गाडी बंद आग्यद" (गाडी बंद पडली आहे) आणि "स्वल्प नीर कोडरी" (थोडं पाणी द्या) एवढ्यावर बरंच भागतं, पार्टची नावं तर दोन्हीकडे सारखीच. पुन्हा कृष्णा ओलांडून हारुगेरीवरून गोकाकला मुक्काम.

तिसरा दिवस: गोकाक ते बेळगाव

घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, पण या दिवसांत खडक जास्त आणि पाणी कमी. झुलता पूल बघून, करदंट ही इथली मिठाई घेऊन निघालं.

बेळगावच्या रस्त्याला लागल्यावर नवीन लक्षण. चाळीसला गाडी लोण्यासारखी, साठला गेली की आचके. पाय सोडला की पुन्हा ठीक. वेगात भूक वाढते आणि पेट्रोल पुरत नाही, असा याचा अर्थ. उलट असतं तर, म्हणजे वेगात ठीक आणि सिग्नलला बंद, तर स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजलेला किंवा मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या नळीला) कुठून तरी हवा लागते आहे. फिल्टर बघितला तर तळाशी तपकिरी भुकटी. गंज.

गंज आला कुठून, हे या जिल्ह्यात तरी सगळ्यांना कळायला हवं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते इथल्याच कारखान्यांच्या उसापासूनही बनतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने बरं, जुन्या गाडीला मात्र ते तीन ठिकाणी बोचतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी साठून गंज धरतो आणि जुना थर सुटून नळीत येतो. दुसरं, जुनं रबर त्याने फुगतं आणि चिरतं: नळ्या, पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा), फ्लोटच्या सुईचं टोक. तिसरं दिसत नाही. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. २० टक्के मिश्रणाला हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाडीचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला डोकं नाही, जेटचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल. त्यामुळे मिश्रण पातळ होतं, थंड इंजिन अडखळतं, आणि तापमान थोडं वर राहतं.

उपाय क्रमाने. फिल्टर बदलला, बाणाची दिशा पंपाकडे. पंपाच्या बाहेर जाणारी नळी काढून बाटलीत धरली आणि सेल्फ मारला. जोरदार, सारख्या पिचकाऱ्या आल्या म्हणजे पंप ठीक. हे थंड इंजिनावर आणि कॉइलची वायर काढूनच करायचं, ठिणगी पडली तर गाडीसकट जाल. पिचकारी मंद असती तर डायफ्रॅम. पंपाची दुसरी तपासणी ऑइलच्या काडीवर होते: ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वर चढलेली, म्हणजे डायफ्रॅम फाटून पेट्रोल इंजिनात उतरतं आहे. तशी गाडी चालवायचीच नाही.

मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग सुरुवातीला दोन फेरे बाहेर. जोर करून आत आवळला तर सुईचं टोक बसतं आणि पुढे कधीच नीट लागत नाही. इंजिन गरम असताना आयडल ८५०-९०० वर ठेवून स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर घ्यायचा, जिथे आवाज सर्वांत गुळगुळीत तिथे थांबायचं. वेगातली भूक भागवायला मेन जेट एक नंबर मोठा टाकणं हा पुढचा उपाय. ते टेबलावर बसून करायचं काम आहे, रस्त्याच्या कडेला कार्ब्युरेटर उघडला की निदान एक स्प्रिंग तरी उडतेच. टाकी काडीने ढवळून धुणं, आतून गंज जास्त असेल तर बदलणं, हेही घरी.

फिल्टर बदलल्यावर आचके गेले. दुसरा फिल्टर हाताशी ठेवला, कारण गंज एकदा सुटला की एका फिल्टरवर थांबत नाही.

चौथा दिवस: खानापूर, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला

खानापूरपर्यंत रस्ता मोठा आणि कोरडा. जांबोटीकडे वळल्यावर झाडी वाढते आणि पाऊसही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तेव्हा तिथे पाण्याची काय कमतरता. पहिल्याच मोठ्या डबक्यातून गेल्यावर गाडी थरथरायला लागली. तीनपैकी एक सिलिंडर सुटला. चार सिलिंडरच्या गाडीत एक सुटला तर ओढत जाते. तीनवालीत एक सुटला की दात वाजतात आणि चढच चढत नाही.

मेलेला सिलिंडर शोधायला आयडलवर एकेका प्लगची वायर रबरी मुठीच्या पक्कडीने क्षणभर ओढायची. ज्या वायरने आवाजात फरक पडत नाही तो मेलेला. पण पाण्यानंतर हे झालं असेल तर आधी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाची, कॅप. दोन क्लिपा काढून आतून कोरड्या सुती कापडाने पुसायची. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती वीज गळण्याची वाट आहे, कॅप बदलणं एवढाच इलाज, घासून जात नाही. आत फिरणाऱ्या रोटरचं टोकही बघायचं. वायरींची परीक्षा रात्री घरी करता येते. अंधारात बोनेट उघडून गाडी चालू ठेवायची आणि वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारायचा. निळे धागे नाचताना दिसले तिथे वायर फुटलेली. परत जोडताना ठिणगीचा क्रम १-३-२, पुसण्याआधी मोबाईलवर फोटो काढलेला बरा. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर, पॉइंटची ०.४ ते ०.५.

डबक्याआधी वेग कमी, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा. पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर असेल तर थांबायचं. पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. एअर फिल्टर ओला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी तिन्ही प्लग काढून सेल्फ फिरवायचा, पाणी भोकांतून उडून जातं.

चोर्ला उतरताना सगळं लक्ष ब्रेकवर. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरायचं, म्हणजे दुसरा, वळणावर पहिला. न्यूट्रल टाकून, त्यातही इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे या घाटात दिसतात. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा दाबलं की मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

ब्रेक कमी लागायला लागले तर पेडल काय सांगतं ते ओळखायचं. पेडल कडक पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तर लायनर तापले. थांबून वीस मिनिटं गार होऊ द्यायचे, पाणी मारायचं नाही. पेडल मऊ होऊन खाली जातं, तर ब्रेक ऑइल उकळलं. डॉट-३ ताजं असताना २०५ अंशांपर्यंत टिकतं. ते हवेतली ओल पीत राहतं आणि ओल मुरलेल्या ऑइलचा उकळबिंदू १४० पर्यंत खाली येतो. म्हणून ब्रेक ऑइलचा डबा भरलेला दिसला तरी दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. जांबोटीच्या पावसात राहणाऱ्यांनी तर पावसाळ्याआधीच. मऊ पेडलला रस्त्यावर उपाय एकच: पेडल भराभर पंप करून उरलेला दाब उभा करायचा, पहिला गिअर, हँडब्रेक हळूहळू, आणि डोंगराच्या बाजूला उभी करायची. गार झाल्यावर पेडल परत येतं, त्यावर विश्वास ठेवून घाट पुरा करायचा नाही.

गोव्याच्या बाजूने परत चढताना क्लचची पाळी. इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडीचा वेग वाढत नाही, तर प्लेट घसरते आहे. सपाटीवर खात्री करायला हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून, थोडं ॲक्सिलरेटर देत क्लच सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे, चालू राहिलं तर प्लेट संपली. प्लेटला दोष देण्याआधी पेडलचा मोकळा खेळ बघायचा, दीड ते अडीच सेंटिमीटर हवा. खेळच नसेल तर वायर जास्त ताणलेली असते आणि चांगली प्लेटही घसरते. इथे खेळ शून्य होता. वायरच्या टोकाचा नट चार फेरे सैल केला, चोर्ला दुसऱ्या गिअरमध्ये चढून आली.

बेळगावात परतल्यावर मेस्त्रीला "जरा बघा" म्हणून चावी द्यायची नाही. कागदावर लिहून द्यायचं: गर्दीत तापते, पंख्याचा स्विच बदला, तापून पंधरा मिनिटं थांबली की सुरू होत नाही, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून हलवा आणि रबर इथेनॉलला चालणारं टाका, टाकी धुवा, डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर आणि वायरी एकदम, ब्रेक ऑइल पूर्ण बदला, चारही चाकांच्या ब्रेकमधलं एअर काढा, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागायचा. मागच्या ड्रमला आतून कंगोरा पडला असेल तर लेथवर साफ करून मिळतो, उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, लेथना तोटा नाही. फक्त ड्रमवर कोरलेला कमाल व्यास आधी वाचायचा. तेवढा गाठला असेल तर घासू द्यायचा नाही, नवीन जोडी घ्यायची, दोन्ही बाजूंची एकदम.